तेवीस गेले, बावीस आले

आमच्या सर्जेराव मामांचा फोन आला की समोरचा माणूस आधी खाली बसतो, मग उचलतो. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण फोनवर दिलं, तर चार घरांत पुढचं ऐकायच्या आत रडारड सुरू झाली. एक नातेवाईक तर जीप करून थेट सरकारी दवाखान्यात पोचला आणि तिथं बराच वेळ कोणाचं प्रेत ते विचारत फिरला.

यात मामांचा दोष नाही. केदारखेड्याच्या आसपास कुणी विहिरीत, तळ्यात, नाहीतर नदीच्या डोहात बुडालं, की पोलीस मामांना बोलावतात. मामा कमरेला दोर बांधून बुडी मारतात आणि वर आणतात. चोवीस वर्षं झाली. पगार नाही, पद नाही, पंधरा ऑगस्टला कधीमधी टॉवेल-टोपी. आजवर त्यांनी एकालाही जिवंत आणलेलं नाही, कारण बोलावण्याची पद्धतच तशी आहे. आधी आरडाओरडा, मग सरपंच, मग पोलीस, मग मामा.

मी अक्षता, त्यांच्या बहिणीची मुलगी. पोलीस भरतीत दोनदा अर्ध्या-अर्ध्या गुणाने गेले, म्हणून आता इतरांना भरती कसं व्हायचं ते शिकवते. जालन्यात मस्तगडला खोली घेऊन राहते. आमच्या अकॅडमीचे देवानंद सर मागच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ट्रायथलॉन करून आले. म्हणजे आधी पोहायचं, ओल्या अंगाने सायकल चालवायची आणि मग पळायचं, सगळं सलग. आल्यावर महिनाभर पदक गळ्यातून काढलं नाही. मग म्हणाले, जिल्ह्यातली पहिली ट्रायथलॉन आपण घेऊ, केदारखेड्याजवळच्या पाझर तलावावर. साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. डिसेंबरातला रविवार.

मी मामांकडे गेले होते ते त्यांना तलावावर जीवरक्षक म्हणून उभं करायला. मामा ओसरीवर मक्याची कणसं सोलत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काठावर न्हाई थांबत. मला त्यात घे."

"मामा, तुम्ही एकोणपन्नास वर्षांचे."

"वयाची अट हाय का?"

"न्हाई. पण काहून?"

मामांनी दोन कणसं सोलली. मामी आत भाकरी थापत होत्या, त्यांनी थापणं थांबवलं.

"मार्चात ती पोरगी काढली ना, शाळेच्या गणवेशातली," मामा म्हणाले. "तवापासून पाण्यात हात घातला की हात हुडकून राह्यले. बादलीत बी. आंघोळीला बसलो की बादलीच्या बुडाला हात जातो. काही असतंय का म्हनून."

"सात महिने झाले," मामी आतून म्हणाल्या. "ओल्या फडक्यानं अंग पुसत्यात."

"एकदा पाण्यात जायचं आन रिकाम्या हातानं भायेर यायचं," मामा म्हणाले. "बस. तेवढंच. मंग ते सायकल-बियकल काय असंल ते करतो."

अशी कारणं लिहायला आमच्या नोंदणी अर्जात जागा नव्हती. मी 'फिटनेस' असं लिहिलं.

सराव सुरू झाला आणि एक गोष्ट लक्षात आली. जिल्ह्यातल्या सगळ्यात पट्टीच्या पाणबुड्याला पोहता येत नव्हतं. म्हणजे खाली जाता येत होतं. विहिरीत उडी मारली की मामा दिसेनासे व्हायचे, मी काठावर बसून मोबाइलवर वेळ लावायचे, दोन मिनिटांनी ते भलतीकडेच वर यायचे आणि विचारायचे, "किती मीटर झालं?"

"शून्य मीटर. खाली गेलेलं धरत न्हाईत."

"एवढं गेलो की."

"मामा, पुढं जायचंय. तोंड वर ठेवा. खाली बघू नका."

"खाली न बघता पाण्यात काय करायचं असतंय?"

दोन महिने दर शनिवार-रविवार मी त्यांना तोंड वर ठेवायला लावलं. सायकल दूधवाल्याची, कॅन अडकवायच्या आकड्यांसकट. पळायची अडचण वेगळीच. मामा रस्त्याने पळायला लागले की गावं त्यांच्या मागे पळायची. सर्जेराव पळतोय म्हणजे कुठंतरी घात झालेला आहे. धावड्याच्या फाट्यावर एकदा तीस-चाळीस माणसं दीड किलोमीटर मागे आली. मामा थांबले आणि म्हणाले, "व्यायाम करून राह्यलो." कुणाला पटलं नाही. दोघे जण तर शेवटपर्यंत आले, उगाच उशीर नको म्हणून.

स्पर्धेच्या दिवशी तेवीस जण होते. बावीस पोरं आणि मामा. देवानंद सरांनी सगळ्यांना नारिंगी टोप्या वाटल्या आणि प्रत्येकाच्या दंडावर मार्करने नंबर घातला. तो मार्कर वर्गातला, फळ्यावर लिहायचा होता. हे आम्हाला नंतर कळलं. फळ्यावरचं ओल्या फडक्याने पुसतात हे आम्हाला दोघांनाही आधीपासून माहीत होतं, पण तो विचार त्या वेळी फळ्यापाशीच राहिला. मोबाइल हरवू नयेत म्हणून सगळ्यांचे एका गोणीत भरून टेम्पोत ठेवले. सरपंचांनी नारळ फोडला, अर्धा तास तरुणांना मार्गदर्शन केलं आणि सात वाजता तेवीस जण पाण्यात उतरले.

त्याच वेळी तलावाच्या बांधावरून बायका कापूस वेचायला निघाल्या होत्या. त्यांच्यापुढे पुष्पाबाई. वय सत्तर, आवाज वीस. त्यांनी पाण्यात बघितलं. खुरपं खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि बांधावर बसून मोठ्याने सुरू केलं, "कोनाचं गेलं गं माय!"

मी पळत गेले. "मावशी, कोणाचंच न्हाई गेलं. स्पर्धा हाय."

"सर्जेराव पाण्यात हाय."

"हो."

"आन कोनाचंच न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच संशय आला. मागच्या बायकाही बसल्या. चाळीस बायका. नक्की कोण गेलं हे माहीत नसल्यामुळे प्रत्येक जणी आपापल्या माणसाला आठवून रडत होती, त्यामुळे रडणं खरं होतं. तेवढ्यात देवानंद सरांनी माइक हातात घेतला, "आता पाण्यात आपल्याला दिसत आहेत बदनापूरचे…" पुढे नाव यायच्या आत पुष्पाबाई उठल्या आणि त्यांनी माइकची वायर उपसली.

"पान्यावर नाव घेऊ नका! माणसं आत असताना पान्याला नाव ऐकवू नये. ऐकलं की ते बोलवून घेतं."

"आजी, ही अंधश्रद्धा आहे," सर म्हणाले.

"असंल," पुष्पाबाई म्हणाल्या आणि वायर कमरेला खोचली.

सरपंच म्हणाले, जाऊ द्या सर, नाव नका घेऊ, काय फरक पडतो. सरांना पुढच्या वर्षी पण तलाव हवा होता. तर नावं बंद. मी उतरणीवर उभं राहून बाहेर येणारी डोकी मोजायची, असं ठरलं. दंडावरचे नंबर लिहायचे होते, पण पहिला पोरगा बाहेर आला तेव्हा त्याच्या दंडावर निळसर ओघळ होता. दुसऱ्याच्याही. तेव्हा मी नुसती रेघ मारत गेले. एक, दोन, तीन.

मामा सगळ्यात शेवटी आले. सात छत्तीस. छातीभर पाण्यात आल्यावर ते उभे राहिले आणि चालत निघाले. गुडघाभर पाण्यात थांबले आणि दोन्ही हात वर करून आधी स्वतःच बघितले, पुढून, मागून. मग मला दाखवले. मी मामांना हसताना बघितलं नव्हतं असं नाही, पण ओल्या अंगाने हसताना पहिल्यांदाच बघितलं.

बांधावरून पुष्पाबाईंनी विचारलं, "घावला न्हाई का रे सर्जेराव?"

"न्हाई मावशे! कोनी न्हवतंच!"

चाळीस बायका गप्प झाल्या. एवढ्या वेळचं रडणं कोणाच्या खात्यावर टाकायचं ते त्यांना कळेना.

मामा सायकलीपाशी बसून पायात मोजा घालत होते. मी रेघा मोजल्या. बावीस. परत मोजल्या. सरांना दाखवल्या, त्यांनी बोट ठेवून मोजल्या. बावीस. सायकलींच्या रांगेत मामांच्या सायकलीशिवाय एक निळी सायकल उभी होती, तिच्यावर कोरडा टॉवेल घडी करून ठेवलेला. बाकीची एकवीस पोरं भोकरदनच्या रस्त्याने कधीच निघून गेली होती. कोण आलं नाही हे विचारायला कोणी नव्हतं, नंबर पाण्याने पुसले होते, मोबाइल गोणीत होते. मी नावांची यादी काढून पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं तर चाळीस बायका एका आवाजात "श्शऽऽ" म्हणाल्या. आणि खरं सांगते, मी गप्प बसले. क्रीडाशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे.

देवानंद सर पांढरे पडले होते. "अक्षता, मामांना सांग."

मी सायकलीपाशी गेले. मामांचा एक बूट घालून झाला होता, दुसऱ्याची नाडी ते ओढत होते.

"मामा," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. चोवीस वर्षं त्यांना माणसं अशीच येऊन "मामा" म्हणत आलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नाडी सोडली. बूट काढला, मोजा काढला, मोजा बुटात कोंबला.

"दोर आन," ते म्हणाले.

सरपंचांच्या जीपमध्ये दोर होता. मामा पाण्यात गेले आणि या वेळी तोंड खाली करून गेले. दोराचं दुसरं टोक आम्ही काठावर धरलं. मी, सरपंच, टेम्पोवाला. बांधावर परत सुरू झालं. पहिली बुडी, काही नाही. दुसरी, काही नाही. मामा वर यायचे, श्वास घ्यायचे, मान हलवायचे, जायचे. गावातून माणसं यायला लागली. रस्त्यावरच्या पोह्यांच्या गाडीवरून पण माणसं प्लेट हातात घेऊन आली. स्वेटर घातलेला एक पोरगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काय झालं ताई?"

"एक जण बुडाला."

"अरे बापरे. स्पर्धेतला?"

"हो."

"अरेरे," तो म्हणाला. त्याने हातातले पोहे एका पोराला दिले आणि दोर धरला. "कोन होता?"

"माहीत न्हाई रे. नीट धर."

त्याने नीट धरला. भला पोरगा होता. म्हणाला, घरच्यांना काय वाटत असेल. सहाव्या बुडीला मामा बराच वेळ वर आले नाहीत. मग दोराला तीन झटके बसले. त्याचा अर्थ आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. सरपंचांनी टोपी काढली. आम्ही ओढायला लागलो. दोर जड होता, हात घसरत होते, तेव्हा शेजारच्या पोराने जोर लावायला स्वेटरच्या बाह्या पार खांद्यापर्यंत वर सारल्या.

त्याच्या दंडावर सतरा लिहिलेलं होतं. ठळक, निळं, जराही न पुसलेलं.

"तू कोण?" मी विचारलं.

"मी हरिओम," तो दोर ओढत म्हणाला. "परतूरचा. मला पाणी लई थंड लागलं ताई, मी गुडघाभर जाऊन मंग पलीकडच्या पानकणसाच्या गवतातून निघून आलो. लाज वाटली म्हनून सांगितलं न्हाई."

"निळी सायकल तुझी?"

"हो. काहून? चोरीला गेली का?"

तो स्वतःला शोधायला अर्धा तास दोर धरून उभा होता. मला हसायला यायला पाहिजे होतं. ते आलंही असतं, पण दोर अजून जड होता.

पाण्यातून आधी मामांचं डोकं वर आलं, मग दुसरं.

पाच-सहा दिवसांचं होतं. मी जास्त लिहीत नाही. तलावाच्या मध्यावर पाण्याखाली जुन्या बाभळी आहेत, त्यात अडकलेला होता. पन्नाशीचा माणूस, अंगात चौकटीचा शर्ट, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. पुंजाराम, राहणार धावडा. त्याला कोणी शोधतच नव्हतं. घरच्यांना वाटत होतं तो मुलीकडे जालन्याला गेलाय. मुलीला वाटत होतं तो घरीच आहे. फोन लागत नव्हता, तर दोघांनाही वाटलं चार्जिंग नसेल. मुलीला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, रविवारी येणारच होते ते. मग तिला आठवलं की आज रविवार आहे.

पोलीस आले. भारत जमादार मामांना पंधरा वर्षं ओळखतात. त्यांनी गाडीतून उतरून आधी तलाव बघितला, मग नारिंगी टोपीतले मामा.

"सर्जेराव, आज तर मी फोन बी केला न्हवता."

 मामांनी पंच म्हणून नेहमीसारखी सही केली. 'प्रेत कोणत्या कारणाने शोधले' या ओळीपाशी जमादारांचं पेन थांबलं. मी सगळं सांगितलं, टोप्या, मार्कर, पोहे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लिहिलं, 'सहज.'

तोवर एकवीस पोरं सायकल आणि पळणं संपवून परत आली होती. देवानंद सरांनी दुःखाचा प्रसंग म्हणून डीजे बंद ठेवला आणि पदकं हळू आवाजात वाटली. हरिओम मामांच्या पाया पडायला आला. मामांनी पाय मागे घेतले आणि त्याचा दंड धरला. धरूनच ठेवला. दंड गरम आहे का ते बघत होते बहुतेक. मग सोडला.

पंचनामा संपून गाडी गेली तेव्हा साडेबारा वाजले होते. स्पर्धेची मुदत साडेदहाला संपली होती. मी म्हणाले, "चला मामा, घरी सोडते."

"सायकल कुठंय?"

"मामा, मुदत संपली."

"मुदतीचं तुझ्या सरला सांग. आपलं ठरलं व्हतं. पाणी, मंग सायकल, मंग पळनं."

ते निघाले. मी स्कूटीवर मागे. ऊन चढलं होतं, रस्त्याला ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या. मामा वाकून, एका लयीत पायडल मारत होते. दुधाचे आकडे खडखडत होते. मी दोनदा बाटली पुढे केली, त्यांनी मान हलवली. त्यांना बाटलीला हात लावायचा नव्हता. तिसऱ्यांदा मी स्कूटी जवळ घेतली, बाटली त्यांच्या तोंडाला लावली, तेव्हा प्यायले. अर्धं पाणी छातीवर सांडलं. सोळाव्या किलोमीटरला उतरून त्यांनी रस्त्याकडेला ओकारी काढली, तोंड पुसलं आणि परत बसले.

पळताना मात्र या वेळी त्यांच्यामागे कोणी आलं नाही. बातमी सगळीकडे पोचली होती. माणसं दुकानांतून बाहेर येऊन नुसती उभी राहिली. केदारखेड्याच्या स्टँडवर एक म्हातारा हात जोडून उभा होता. मामांना ते आवडलं नाही, पण थांबून तसं सांगण्याइतका दम नव्हता. शेवटचा किलोमीटर ते पळत नव्हते, चालतही नव्हते. पुढे पडत होते आणि दर वेळी पाय मध्ये येत होता.

तलावावर मांडववाला कापड गुंडाळत होता. शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा जाऊन खाली पसरली होती, तिच्यावर एक कुत्रं झोपलं होतं. मामा कमानीवरून गेले. कुत्र्याने डोळे उघडले. वेळ तीन वाजून चार मिनिटं. आठ तास चार मिनिटं. टाळ्या मी एकटीने वाजवल्या, आणि दोन वाजवून थांबले, फार मोठा आवाज होत होता.

मामा बांधावर बसले. मी वही काढली.

"मामा, पाण्यातून भायेर आल्याची वेळ लिहायची हाय. तुम्ही दोनदा आलात. मी सात छत्तीस लिहिते."

मला वाटलं, निदान एवढं तरी त्यांच्या पदरात पडावं. सात छत्तीसला सर्जेराव पाण्यातून रिकाम्या हाताने बाहेर आले, हे कुठंतरी शाईने लिहिलेलं असावं.

"दुसरं लिव्ह," मामा म्हणाले.

"दुसरं स्पर्धेत धरत न्हाईत मामा. पहिलं बराबर हाय. तुम्ही हात दाखवले मला. रिकामे होते."

"तवा बी तो खालीच व्हता."

मी पेन तसंच धरून बसले.

"बाभळीवरून गेलो मी," मामा म्हणाले. "पायाला फांदी लागली. तू म्हनलीस खाली बघायचं न्हाई. न्हाई बघितलं. भायेर आलो, खुश झालो, तुला हात दाखवले. आन तो खाली."

 त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी आठ पन्नास लिहिलं.

मामा पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पुढल्या वर्षी बी हाय का हे?"

"असंल. सर म्हणून राह्यलेत."

"तळं बदला म्हनाव."

"कोणतं घ्यायचं? तुम्हीच सांगा, तुम्हाला सगळी माहितीयेत."

मामांनी खरंच विचार केला. एकेक नाव मनात घेत होते, ओठ हलत होते. प्रत्येक नावानंतर मान हलत होती. नाही. तिथं नाही. तिथंही नाही. तालुका संपला, मग शेजारचा तालुका सुरू झाला. मी थांबवलं नाही.

शेवटी म्हणाले, "जालन्यात कुठंतरी फरशीचा टँक हाय म्हनं, पोहायचा. निळी फरशी. खालपर्यंत दिसतं का गं त्यात?"

"दिसतं," मी म्हणाले. "सगळं दिसतं."

मी तो कधी बघितलेला नव्हता.